मिनोहामाच्या बदकवनातल्या जयमालाबाई

इचलकरंजीच्या जयमालाबाई लग्न होऊन जपानात आल्या त्या एकाहत्तर साली, आणि तेव्हापासून पंचवीस वर्षं त्यांनी एका कुंपणाकडे बघत काढली. त्यांचं गाव मिनोहामा. टोकियोच्या एदोगावा भागाच्या पूर्वेला, नदीवरचा पूल ओलांडला की लागतं. तिथल्या सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरीतले ओले कपडे बाजूला सारले की समोर ते कुंपण: आत तार, बाहेर दोन पुरुष उंच गर्द झाडी, आणि नजर जाईल तिथवर लांबच लांब. एकच फाटक, त्याला गंजलेलं कुलूप. उन्हाळाभर आत सामसूम. हिवाळा लागला की मात्र आतून असा कलकलाट उठायचा, जणू शुक्रवारचा बाजार भरलाय आणि प्रत्येकजण दुसऱ्याचा भाव पाडतोय.

"आत काय आहे हो?" आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं.

"राजघराण्याची जागा आहे," इनागाकी म्हणाले.

"ते कळलं. पण आत आहे काय?"

"राजघराण्याची जागा आहे."

इनागाकी म्हणजे कमी बोलणारा माणूस. मागाची यंत्रं बसवायला कंपनीनं त्यांना इचलकरंजीला पाठवलं होतं, तेव्हा ते जयमालाबाईंच्या वडिलांच्या माडीवर भाड्यानं राहिले. पहिल्यांदा तांबडा रस्सा ओरपला तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण तोंडातून चकार शब्द न काढता त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. "ह्यो गडी टिकतोय बघ," वडील म्हणाले, आणि वर्षभरानं गडी जावई झाला. असा माणूस कुंपणाबद्दल याहून जास्त काय सांगणार? शेजारणींना विचारलं तर त्यांचंही तेच, "राजघराण्याची जागा." आणि आवाज मात्र खाली.

जयमालाबाईंना मात्र राजाची जागा म्हटलं की आवाज खाली करायची सवय नव्हती. त्यांचा आजा तातोबा, संस्थानच्या शिकारीत हाकेवाला होता. डबे बडवत, आरोळ्या ठोकत रानातून जनावर पुढे काढायचं आणि मचाणावरच्या राजाच्या पुढ्यात आणून सोडायचं, हे त्याचं काम. म्हातारपणी तो म्हणायचा, "वाघ महाराजांनी मारला म्हंत्यात. मारला की. पर वाघाला तितवर चालवत न्हेला कुणी?" लहानपणी हे ऐकून जयमालाबाई हसायच्या. मिनोहामाच्या गॅलरीत उभ्या राहिल्या की मात्र वाटायचं, या कुंपणाच्या आतही कुणीतरी डबे बडवले असणार.

शहाण्णव सालच्या एप्रिलमधली मंगळवारची सकाळ. मंगळवार हा जाळायचा कचरा खाली नेऊन ठेवायचा दिवस. जयमालाबाई दोन्ही हातांत कचऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन जिना उतरल्या, रस्त्यावर आल्या, आणि जागच्या जागी थबकल्या. फाटक उघडं होतं.

कुलूप नाही, पाटी नाही, माणूस नाही. फाटक सताड उघडं, आणि आत एक वाट.

कचरा टाकायची जागा डावीकडे होती. जयमालाबाई उजवीकडे वळल्या. दोन्ही पिशव्या हातात तशाच घेऊन आत शिरल्या आणि चालत सुटल्या. चेरीचा बहर सरत आलेला, वाटेवर पाकळ्यांचा गुलाबी चिखल. मग वेळूचं बन. मग एकदम मोकळं आभाळ आणि खाली तळं! केवढं तळं! मधे बेट, बेटावर वाकडी पाइनची झाडं, आणि काठापासून आत गेलेले अरुंद चर, सरळ, आखून काढल्यासारखे, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीइतके मातीचे बांध. टोकियोपासून आगगाडीनं अर्ध्या तासावर, जिथं दोन इमारतींमधून वारासुद्धा आडवा होऊन जातो, तिथं हे एवढं पाणी पंचवीस वर्षं आपल्या गॅलरीसमोर पसरलेलं होतं! बाई एकट्याच मोठमोठ्यानं हसायला लागल्या.

"ओकु-सान," म्हणजे 'बाईसाहेब', असं मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "इथं कचरा टाकायला परवानगी नाही."

नगरपालिकेचं निळं जाकीट घातलेला, कपाळावर घाम आलेला एक माणूस उभा होता. हे नोमुरा-सान. जयमालाबाईंनी पिशव्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि अजूनच हसल्या. शेवटी बिचारे नोमुरा-सानही हसले आणि त्यांनी सांगून टाकलं. राजघराण्यानं ही जागा गावाला दिली होती. दीड वर्षानं इथं सार्वजनिक बाग उघडायची होती. आत्ता मात्र वाटांवर तीस वर्षांचा पाला होता आणि झाडायला माणसं मिळत नव्हती.

"मी येते," जयमालाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"झाडायला. उद्यापासून... कामो."

हे 'कामो' जरा सांगायला हवं. जपानीत वाक्याच्या शेपटीला 'कामो' लावलं की 'कदाचित' असा अर्थ होतो. जयमालाबाई जपानी भाषा शेजारणींकडून आणि भाजीवाल्याकडून शिकलेल्या. चुकलं तर अंगावर नको, म्हणून त्या प्रत्येक वाक्याला 'कामो' लावायच्या. उद्या येईन, कामो. आज गुरुवार आहे, कामो. माझं नाव जयमाला, कामो. आणि बदकालाही जपानीत 'कामो'च म्हणतात. नोमुरा-सानांनी तळ्याकडे एकदा वळून पाहिलं. एप्रिलात तिथं एकही बदक नव्हतं.

अशा रीतीनं बाईंना पार्ट-टाइम काम लागलं. खराटा, रबरी बूट आणि डोक्याला रुमाल. इनागाकींनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, "आत काय आहे?"

"राजघराण्याची जागा आहे," जयमालाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भात खाताना ठसका लागलेला पाहिला.

मे महिन्यात एका सकाळी त्यांना एका चराच्या टोकाशी मोडक्या लाकडी खोपटात एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. भिंतीतल्या भोकाला डोळा लावून तो चरातलं पाणी बघत होता. नोमुरा-सानांनी सांगितलेलं जयमालाबाईंना आठवलं: हे सेकी-सान, वय चौऱ्याऐंशी, इथले जुने बदकराखे. बागेचा इतिहास लिहिण्यासाठी नगरपालिकेनं एका प्राध्यापकांना नेमलं होतं. ते टेपरेकॉर्डर घेऊन सेकी-सानांकडे तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा सेकी-सान म्हणाले, "विसरलो."

जयमालाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि शेजारी उकिडव्या बसल्या.

"आज पाऊस येईल, कामो," त्या म्हणाल्या.

"मे महिन्यात बदकं येत नसतात," सेकी-सान भोकावरचा डोळा न काढता म्हणाले.

"सेकी-सान, एक विचारू का? राजेलोक इथं बदकं धरायचे म्हणतात. पण धरायला बदकं त्यांच्यापुढं आणून कोण द्यायचं?"

म्हाताऱ्यानं भोकावरचा डोळा काढला. रुमाल बांधलेल्या, खराटेवाल्या या परदेशी बाईकडे वळून पाहिलं.

"चौदा जणं," ते म्हणाले.

आणि ते जे बोलायला लागले ते पुढे दीड वर्ष बोलतच राहिले. जयमालाबाई झाडायच्या, ते मागून चालायचे. बाईंनी लेकीची एक जुनी शाळेची वही घेतली आणि घरी जाऊन सगळं देवनागरीत उतरवून काढायला लागल्या.

आधी इथं नुसती खाजण होती आणि जुन्या राज्यकर्त्या शोगुनांचे लोक ससाणे उडवून शिकार करायला यायचे. मग राजघराण्यानं जागा घेतली, तळं खोदलं, चर काढले. हिवाळ्यात उत्तरेकडून रानबदकं हजारांनी उतरायची. राखे काही पाळीव बदकं सांभाळायचे. राख्यानं खोपटात बसून लाकडी फळीवर टकटक करायचं आणि नळीतून चरात धान्य सोडायचं. टकटक ऐकली की पाळीव बदकं चरात शिरायची, आणि त्यांच्या मागून भोळी रानबदकं. बांधाआड राजपुत्र, राजदूत, सरदार लांब दांड्याची जाळी घेऊन श्वास रोखून वाकलेले. भोकातून बघणाऱ्या राख्यानं हात वर केला की सगळे एकदम उठायचे, बदकं फडफडत वर उडायची आणि हवेतच जाळ्यात अडकायची. बंदूक नाही की बाण नाही.

"पाव्हण्यांना वाटायचं, आपण लई चपळ," सेकी-सान म्हणत. अर्थात ते जपानीत म्हणत, पण वहीत त्यांची भाषा इचलकरंजीची होऊन जायची.

लढाईच्या दिवसांत पाहुणे बंद झाले. बांधांवर रताळी लागली. वरून हुकूम आला की पाळीव बदकं स्वयंपाकघराकडे जमा करा. चौदांपैकी अकरा राखे लढाईवर गेलेले. उरलेल्या तिघांनी हुकूम वाचला, मोजून जमा केली, आणि नऊ बदकं मोजायचीच विसरले. ती नऊ बदकं सेकी-सानांनी स्वतःच्या घरी न्हाणीच्या हौदात ठेवली. सबंध हिवाळाभर घरातल्या कुणीही अंघोळ केली नाही. गल्लीतल्या लोकांना वासावरून काय ते कळलं होतं, पण कुणी बोललं नाही. उलट भाजीची पानं गुपचूप दारात येऊन पडायची.

"आणि बायको काय म्हणाली?" जयमालाबाईंनी विचारलं.

"नऊचीही नावं ठेवली तिनं," सेकी-सान म्हणाले. "पोरांपेक्षा चांगली."

लढाईनंतर अमेरिकन अधिकारी आले. त्यातला एक असा धिप्पाड की बांधाआड मावेना. इशारा झाला तसा तो उठला, तोल गेला आणि पाठीवर चरात पडला. वर आला तेव्हा जाळं हरवलेलं, टोपी हरवलेली, पण दोन्ही काखांत एकेक बदक! पुढे आजूबाजूला कारखाने उठले, बदकं कमी झाली, आणि एका वसंतात फाटकाला कुलूप लागलं.

ही सगळी कहाणी बाई रोज घरी सांगायच्या. इनागाकी ऐकायचे. लेक सारा, वीस वर्षांची, विद्यापीठात जाणारी, समोर पुस्तक धरून बसायची. जयमालाबाई तिच्याशी जन्मापासून मराठीत बोलत आल्या होत्या, आणि सारा जन्मापासून जपानीत उत्तर देत आली होती. "आई, परत बदकं?" एवढं ती जपानीत म्हणायची आणि पान उलटायची. लेकीला आपलं निम्मं बोलणं कळतच नाही, अशी बाईंची खात्री झालेली होती, आणि त्याचं दुःख त्यांनी केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या रविवारी बाग उघडायची ठरली. तळ्यावर बदकं उतरली होती. फाटकाशी मोठा फलक लागला: कोणत्या साली कोणते राजपुत्र आले, किती देशांच्या राजदूतांनी जाळी धरली. जयमालाबाईंनी फलक पुसता पुसता तीनदा वाचला. राख्यांचं नाव तर नाहीच, राखे होते हेसुद्धा कुठं नव्हतं.

"नोमुरा-सान, ते चौदा जणं?"

"फलकावर जागा संपली," नोमुरा-सान पडेल आवाजात म्हणाले.

रविवारी महापौर आले, काळ्या सुटातले चाळीसेक पाहुणे आले, पाठीमागे गावकरी. एदोगावात नुकताच राहायला आलेला पुण्याचा एक संगणक इंजिनिअर, प्रसन्न, आणि त्याची बायको ज्योत्स्ना, सायकलींवरून पूल ओलांडून सहज फिरत आले होते. गर्दी दिसली म्हणून तेही घुसले. पाहुण्यांना प्राध्यापक बाग दाखवणार होते. प्राध्यापक आले, वाकून नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि आतून फक्त वारा आला. सर्दीनं आवाज पार बसलेला. नोमुरा-सानांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात काठी टेकत उभे असलेले सेकी-सान खणखणीत आवाजात म्हणाले, "इनागाकी-सान सांगतील."

सगळ्या माना खराटा घेतलेल्या बाईकडे वळल्या. जयमालाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे इनागाकी उभे होते. त्यांनी मान हलवली: मी नव्हे, तू.

सुरुवात बाईंनी बरी केली. जपानीत, जपून, प्रत्येक वाक्याला 'कामो' लावत. "हे तळं राजघराण्यानं खोदलं, कामो." पाहुणे अदबीनं माना डोलवत होते. पण चराशी पोचल्यावर बाईंच्या अंगात वारं शिरलं. खराटा उलटा धरला, त्याचं जाळं केलं, बांधाआड दबा धरला, आणि बघता बघता आवाज चढला, हात फिरायला लागले, शब्द भराभरा यायला लागले. किती सोपं जातंय आज, त्यांना वाटलं. जीभ कशी लोण्यावरून चालतेय! चौदा राख्यांची नावं त्यांनी घडाघडा म्हटली. बदकं न्हाणीत लपवली. अमेरिकनाला चरात पाडला, स्वतः पडता पडता वाचल्या.

"अन् त्यो ढेरपोट्या वर आला की ओ," त्या ओरडल्या, "दोन्ही बगलंत बदकं! आन् समदे म्हंत्यात पाव्हण्यांनी बदकं धरली! अहो, बदकांना तितवर आणलं कुणी? माझा आजा हेच इचारायचा, आन् आज मी इचारते!"

मागच्या रांगेतून प्रसन्नचं हसू फुटलं ते थांबेचना. ज्योत्स्नानं तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

एवढ्या शांततेत एक माणूस का हसतोय ते जयमालाबाईंना कळेना. मग कळलं. गेली सात-आठ मिनिटं त्या मराठीत बोलत होत्या. चाळीस काळे सूट काहीही न कळता, अतिशय सभ्यपणे, माना डोलवत उभे होते.

"अगं बया!" जयमालाबाई मटकन बांधावर बसल्या.

गर्दीतून निळ्या कोटातली सारा पुढे आली. आईशेजारी उभी राहिली, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, आणि स्वच्छ जपानीत बोलायला लागली. पहिल्या शब्दापासून. चौदाच्या चौदा नावं, क्रमानं. न्हाणीचा हौद, दारात पडलेली भाजीची पानं, एकूण एक गोष्ट. "तितवर आणलं कुणी" हे तिनं असं सांगितलं की एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. फक्त 'ढेरपोट्या'शी ती क्षणभर अडखळली, महापौरांच्या पोटाकडे तिची नजर चुकून गेली, आणि तिनं सांगितलं, "एक भारदस्त गृहस्थ."

ती नजर बघून ज्योत्स्नाची ओढणी पुन्हा तोंडावर गेली.

जयमालाबाई लेकीकडे बघत राहिल्या. "तुला हे सगळं कळत होतं?"

सारानं मान न वळवता उत्तर दिलं. मराठीत, आणि तेही इचलकरंजीच्या मराठीत. "न कळायला काय झालं? रोज तेच की."

इकडे सेकी-सान केव्हाच खोपटात जाऊन बसले होते. आतून टकटक आवाज आला. टक, टक-टक. मागल्या हिवाळ्यापासून ते आणि जयमालाबाई रोज सकाळी फळी वाजवून धान्य सोडत होते, पण तेव्हा आसपास चाळीस माणसं नसायची. "आवाज करू नका, खाली वाका," जयमालाबाई कुजबुजल्या, यावेळी जपानीत. महापौर सुटासकट चिखलात वाकले. प्रसन्न वाकला, प्राध्यापक वाकले, नोमुरा-सान तर जवळजवळ आडवे झाले. टक, टक-टक. पाणी हलेना. एका पाहुण्याच्या गुडघ्याचा कट्ट आवाज झाला, त्याच्याकडे चाळीस जणांनी डोळे वटारले.

मग चराच्या तोंडाशी एक हिरवी मान दिसली. तिच्या मागून दुसरी. मग पाच, सात, अकरा. संथपणे, इकडेतिकडे बघत, लग्नाच्या पंगतीत आधी कुणी बसायचं अशा संकोचानं, ती सगळी चरात शिरली आणि चोची खाली घातल्या. माणसांनी श्वास रोखून धरले होते, चेहरे लालबुंद झाले होते, डोळे लकाकत होते. आणि खोपटाच्या दारातून एक हात वर आला.

कुणाच्याही हातात जाळं नव्हतं. तरीही महापौर "हा!" करून उठले, त्यांच्यामागून सगळे उठले, हात हवेत. अकरा बदकं पाणी उडवत फडाडकन वर गेली आणि महापौर नखशिखांत भिजले. त्यांना काही त्याचं भान नव्हतं. ते लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते, शेजारच्या अनोळखी प्रसन्नला त्यांनी मिठी मारली, आणि चाळीस सभ्य माणसं चिखलात नाचायची तेवढी बाकी राहिली होती.

चष्मा पुसत महापौरांनी विचारलं, "ती चौदा नावं कुठं लिहिलेली आहेत?"

जयमालाबाईंनी झग्याच्या खिशातून वही काढली. महापौरांनी ती उघडली, देवनागरी अक्षरांवरून गंभीरपणे नजर फिरवली, आणि दोन्ही हातांनी परत केली. "हे मला वाचता येत नाही," ते म्हणाले, "पण फलकावर जागा करायला सांगता येतं."

त्यानंतर दर रविवारी बाग दाखवायचं काम जयमालाबाईंकडे आलं. एदोगावात आणि जवळच्या ओजिमात आपली माणसं वाढायला लागली होती. प्रसन्न दर महिन्याला कुणाला ना कुणाला घेऊन यायचा. "काकू, आज मराठीतच होऊ द्या," तो म्हणायचा, आणि मग जपानी लोकही मुद्दाम त्या टोळीत घुसायचे. काही कळत नाही पण मजा जास्त येते, असं त्यांचं म्हणणं.

नवा फलक चराच्या टोकाशी, खोपटाच्या भिंतीला लागला तो अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये. लाकडाची साधी फळी, त्यावर चौदा नावं. सेकी-सानांना खुर्ची आणून दिली होती, पण ते बसले नाहीत. पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "हा घोरायचा. सगळी बदकं उडवायचा." दुसऱ्यावर बोट गेलं. "हा माझे पायमोजे घेऊन गेला तो गेलाच." तिसरा दारू प्यायचा, चौथा गायचा छान, पाचव्याला पोहता येत नव्हतं आणि तळ्यात पडायचा मात्र तोच. जयमालाबाई हसून हसून सारावर रेलल्या होत्या, सारा इनागाकींवर, आणि इनागाकी भिंतीला टेकून डोळे पुसत होते. सेकी-सानांचं बोट आपल्या स्वतःच्या नावापाशी आलं. त्यांनी ते नीट वाचलं, अक्षर न् अक्षर.

"हा बडबड्या," ते म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.